विहिरीची पुढची रेषा

पटो वा न पटो, हे घडलंय. माझ्या मावसबहिणीसोबत, मोनालीसोबत. याच उन्हाळ्यात, भर दुपारी, वणीजवळच्या एका ओसाड गावात.

कोळशाच्या खाणीसाठी ते गाव हलवलं. जाताना लोकांनी विहिरीवरचं लोखंडी चाकसुद्धा नव्या गावी नेलं.

मोनालीची पीएचडी त्या विहिरीवर. पाण्याची पातळी वेडीवाकडी हलते, त्यामागे छुपा नियम आहे का, हे शोधायचं. विहिरीत सेन्सर सोडलेला, त्याच्या नोंदी थेट तिच्या लॅपटॉपवर यायच्या. तिचा प्रोग्राम जुन्या नोंदींत आत्तासारखा क्षण शोधायचा, तेव्हा पुढे काय झालं ते बघायचा आणि तसंच आता होईल म्हणायचा. जे कधी घडलंच नाही, ते त्याला सांगताच येत नाही.

पण रोज सकाळी पातळी थोडी थोडी उतरायची...

कोणी पाणी भरावं तशी.

"सेन्सर बिघडलाय. काढून आण, नाहीतर प्रबंध विसर," गाईड सर म्हणाले. मुदत संपत आलेली. एवढ्या वर्षांची मेहनत मातीत जाणार म्हणून मोनाली नुसती धुमसत होती.

त्याच गावच्या बळीरामच्या ऑटोने ती गेली. काठावर लॅपटॉप उघडला.

पुढच्या तासाच्या अंदाजात रेषा एकदम वर चढलेली...

काहीतरी जड पाण्यात पडावं तशी.

तिने सगळ्या नोंदी धुंडाळल्या. असं एकदाही झालेलं नव्हतं! चिडून तिने लॅपटॉप मिटला आणि सेन्सरची दोरी ओढायला वाकली.

चाक करकरलं.

जे तिथे नव्हतंच...

"म्याडम, मागं या! कायले वाकून राह्यल्या?" बळीरामने हात धरून तिला ओढलं. दोरी तशीच राहिली.

घरी येऊन बघते, तर रेषा सपाट.

पुन्हा जायला निघाली की रेषा चढायची. बेत मोडला की सपाट. रडकुंडीला आली बिचारी. शेवटी फोनवर सरांना नसलेलं चाक करकरल्याचं सांगून म्हणाली, "मी नाही जात. प्रबंध गेला तरी चालेल."

"नको जाऊ!" सरांनी फोन आपटला.

दुसऱ्या दिवशी ती घरातच होती. सहज लॅपटॉप उघडला.

रेषा चढलेली...

तिने घाबरून सरांना फोन लावला. "सर, तिथं कोणाला पाठवलं का तुम्ही?"

"कोणाला कायले पाठवू? मीच आलो. काठावर उभा आहे. आन् काय गं, इथं चाक नाही म्हणत होती ना तू?"

फोन कटला.

सरांची गाडी विहिरीजवळ सापडली. गळ टाकून पाहिला, माणसं उतरवली, आत काहीच मिळालं नाही.

पण त्या दिवशी चढलेलं पाणी अजून खाली आलेलं नाही.