मीठ कुठं गेलं?

अण्णांच्या रक्तातलं सोडियम (मिठातला एक घटक) कमी झालंय, असं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा शाळकरी शाल्मलीला उलट हायसं वाटलं. मीठच कमी आहे ना, मग घालू की. घरात मिठाला काय तोटा?

अण्णा तिचे आजोबा, निवृत्त रसायनशास्त्रज्ञ. न्यूमोनियामुळे त्यांना रुग्णालयात आणलं. ताप उतरला, पण बोलणं भरकटलं. शाल्मलीला ते 'कुसुम' म्हणू लागले. कुसुम ही त्यांची बहीण, तिला जाऊन कैक वर्षं झाली होती. एरवी ते शाल्मलीला 'ठमे' म्हणायचे. त्या नावावरून ती कितीदा तरी फुगून बसली होती, आणि आता तेच ऐकायला तिचे कान आसुसले होते.

डॉक्टरांनी पाणी मोजकंच द्यायला सांगितलं होतं. साधं पाणी नको म्हणजे मिठाचं चालेल, असा शाल्मलीने आपल्या डोक्याने अर्थ लावला. भेटीच्या वेळी ती बाटलीतून लिंबू, मीठ, साखर घातलेलं पाणी आणायची. ती आजारी पडली की अण्णा तिला असंच पाजायचे, चमच्या-चमच्याने, गोष्ट सांगत. आता अण्णा ते गटागट प्यायचे. तरी त्यांच्या रक्त तपासत राहणाऱ्या मनगटपट्टीवरचा सोडियमचा आकडा खालीच चालला होता. आई दाराबाहेर जाऊन डोळे पुसायची.

"पलंगातला वजनकाटा सांगतो, भेटीची वेळ संपली की आजोबांचं वजन वाढलेलं असतं," जतन म्हणाला. हा तिथला परिचारक यंत्रमानव. आवाज मऊ, पण नजरेतून काही सुटायचं नाही. "ताई, तुम्ही त्यांना काही पाजता का?"

शाल्मलीने पिशवीतून बाटली काढली. "मिठाचंच आहे. औषध म्हणून."

"हेतू चांगला होता. पण आजोबांना मिठाचा तुटवडा नाही. त्यांच्यात पाणी जास्त झालंय."

"पाणी जास्त? ते कसं?" शाल्मलीने विचारलं.

"मेंदूच्या तळाशी पीयूष ग्रंथी असते," जतन सांगू लागला. "तिच्यातून येणारं एक संप्रेरक (रक्तातून निरोप नेणारं रसायन) मूत्रपिंडांना सांगतं, पाणी जपून ठेवा. पाणी पुरेसं झालं की हा निरोप थांबायला हवा. न्यूमोनियामुळे आजोबांच्या शरीरात तो थांबतच नाहीये. तुम्ही पाजलेलं मीठ लघवीतून निघून जातं आणि पाणी मागे राहतं. ते मेंदूच्या पेशींत शिरतं, पेशी फुगतात, आणि माणसाचा गोंधळ उडतो."

शाल्मलीला एकदम घरचं स्वयंपाकघर आठवलं. रविवारचा स्वयंपाक अण्णांकडे असायचा. एकदा अचानक पाहुणे आले, तेव्हा त्यांनी आमटीत तांब्याभर पाणी ओतलं आणि पळी तिच्यापुढे धरली. "ठमे, चाखून बघ." तिने तोंड वाकडं केलं. अळणी. "मग सांग, मीठ कुठं गेलं?" एवढीशी होती ती, खरंच ओट्याखाली वाकून शोधू लागली. अण्णा पोट धरून हसले होते. मीठ पातेल्यातच होतं, फक्त पाणी वाढलं होतं. मग दोघांनी मिळून आमटी आटवली. किती छान होते ते रविवार. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"म्हणजे आमटी आटवायची," ती म्हणाली.

जतनने आमटी कधी चाखली नव्हती, पण त्याला पटकन कळलं. "हो. पण मंद आचेवर. आकडा घाईने वाढवला तर मेंदूला इजा होते."

शाल्मलीने बाटली त्याच्या हवाली केली आणि आईला, डॉक्टरांना सगळं सांगून टाकलं. खरी परीक्षा त्यानंतरच होती. "कुसुम, पाणी दे गं," अण्णा विनवायचे, आणि ती ओल्या कापसाने त्यांचे ओठ नुसते पुसायची. अण्णा रागाने तोंड फिरवायचे. तिचा जीव तुटायचा, पण ती हटली नाही. डॉक्टरांचे उपचार चालूच होते. आकडा हळूहळू वर सरकू लागला. मोठेपणी या हट्टी ग्रंथीला 'आता पुरे' असं सांगणारं काहीतरी शोधायचंच, असं तिने मनाशी ठरवून टाकलं.

एका दुपारी जेवणाचं ताट आलं. अण्णांनी आमटीचा एक घोट घेतला आणि नाक मुरडलं.

"अळणी आहे," ते म्हणाले. मग तिच्याकडे वळून बारीक हसले. "सांग बघू ठमे, मीठ कुठं गेलं?"

शाल्मलीला हुंदका आवरेना. "पातेल्यातच आहे, अण्णा. पाणी वाढलं होतं."

"मग रडतेस काय? रविवारी घरी जाऊन आटवू."