सतरा हजर, सगळं ठीक

औषधाची पिशवी पोचवायची, एवढंच काम होतं. घड्याळजीच्या सासूबाई नदीपलीकडे एकट्या राहायच्या आणि त्यांच्या गोळ्या संपल्या होत्या. बायकोने सकाळी चहाच्या वेळीच विचारून ठेवलं होतं, "अहो, संध्याकाळी मला तेवढं आईकडे घेऊन जाल ना? आभाळ भरून आलंय. त्या रस्त्याने रात्री एकटीने गाडी चालवायची म्हणजे जिवावर येतं."

डोळ्याला भिंग लावून बसलेला घड्याळजी म्हणाला, "जाऊ की."

पोरांनो, तुम्ही आज नवे रेडिओ घेऊन आलात, आल्याआल्या हजेरीची वही चाळलीत आणि मला विचारलंत, सतरा नंबरपुढे दर बुधवारी टिक आहे, मग हे सतरा नंबरवाले दिसत का नाहीत? तो दिवा जरा बारीक करा, डोळ्यांवर येतोय. सांगतो.

सतरा नंबर म्हणजे हा घड्याळजी. माझा मित्र. मी नऊ नंबर. वादळ, पूर काही आलं की फोन आधी माना टाकतात, आणि मग आपल्यासारख्या बिनपगारी लोकांचे रेडिओ कामाला येतात. म्हणून दर बुधवारी नऊ वाजता आपले मास्तर एकेक नंबर पुकारतात. ज्याने 'हजर' म्हटलं तो दहापर्यंत जागचा हलत नाही. दुसरा नियम, ज्या नंबरला हाक आली त्यानेच बोलायचं, बाकीच्यांनी तोंडाला कुलूप लावायचं. दोघे एकदम बोलले तर कुणाचंच ऐकू येत नाही. आणि तोंडाने बोलणं जमत नसेल तर बटण दोनदा दाबायचं. टक, टक. म्हणजे कळलं, ठीक.

घड्याळजीची गोष्ट अशी, की 'नाही' हा शब्द देवाने त्याच्या तोंडात घातलाच नव्हता. चर्चमध्ये ऑर्गन तोच वाजवायचा. गाणाऱ्यांना सरावाला बुधवारच सोयीचा. पाळक म्हणायचे, "तुम्ही नसलात की हे सगळे चार दिशांना गातात." आम्ही म्हणायचो, तुझ्याशिवाय नदीकाठ सांभाळायला कोण आहे? बायको हसून म्हणायची, "मलाही एक नंबर द्या. म्हणजे आठवड्यातून एकदा तरी माझी हजेरी घ्याल." तिघांनाही तो मान डोलवायचा. माणूस एक आणि बुधवार एक. त्याच्या नाकी नऊ आले होते.

शेवटी त्याने डोकं चालवलं. घड्याळजीच तो. गजराचं घड्याळ आणि एक छोटा रेकॉर्डर रेडिओला जोडला. नऊच्या हजेरीत सतराची पाळी यायच्या वेळेला रेडिओचं बटण आपोआप दाबलं जायचं आणि त्याचाच आवाज जायचा, "सतरा हजर. सगळं ठीक." मास्तर कधीकधी मध्येच पुन्हा विचारतात, म्हणून साडेनऊला आणखी एकदा. हे त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं, बायकोलाही नाही. पहिल्या बुधवारी ऑर्गनवर बसून त्याला घाम फुटला. चौथ्या बुधवारी विसरूनही गेला.

तो पाचवा बुधवार. ऑगस्टचा तिसरा. सात वाजता पाळकांचा फोन आला, रविवारचं नवं गाणं बसत नाहीये, जरा लवकर या. घड्याळजी बायकोला म्हणाला, "दहापर्यंत हजेरी आहे. साडेदहाला जाऊ या का?"

"आईला रात्रीची गोळी नऊच्या आत लागते," ती म्हणाली. औषधाची पिशवी उचलली. "जाऊ दे. मी जाऊन येते. तुम्ही तुमचं आटपा."

रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं, असं तो नंतर म्हणायचा. त्याने तिच्या गाडीत हातातला रेडिओ ठेवला. "काही लागलं तर हाक मार. मी सतरावर आहेच."

आहेच म्हणाला, बरं का.

नऊला हजेरी झाली. सतरा हजर. सगळं ठीक. मी माझ्या खोलीत कानाला रेडिओ लावून बसलो होतो. पावसाने फोन आठपासूनच बंद होते. नऊ वीसला एक बारीक आवाज आला, तुटत तुटत. "सतरा... सतरा..." मग खरखर. मग पुन्हा. "अहो... ऐकताय का?"

आम्ही सोळा जण ऐकत होतो. सोळाही गप्प बसलो. हाक सतराला होती आणि सतरा हजर होता. त्यातून ती 'अहो' म्हणत होती. नवराबायकोच्या बोलण्यात आपण कशाला तोंड घालायचं? मी तर गालातल्या गालात हसलो. ते हसू अजून माझ्या गळ्यात अडकलेलं आहे.

दहा मिनिटं ती हाका मारत होती. साडेनऊला उत्तर गेलं, स्वच्छ, शांत आवाजात. "सतरा हजर. सगळं ठीक."

मग... टक, टक.

त्यानंतर तिने हाक मारली नाही. नवऱ्याने ऐकलंय, आता तो येतोय, म्हणून ती वाट बघत बसली.

सराव लांबला. घड्याळजी घरी आला तेव्हा दहा वाजून गेले होते. घरात अंधार. पावसामुळे आईकडेच राहिली असेल, असं त्याला वाटलं. डोकं दुखत होतं. तो झोपला.

सकाळी सहाला गाडी सापडली. परतीच्या वाटेवर, वळणावर रस्त्याची कड खचली होती, गाडी खालच्या ओढ्यात आडवी. पाय अडकलेला. पाणी हळूहळू चढलं होतं. डॉक्टर म्हणाले, बारापर्यंत तरी जिवंत असणार. चर्चपासून ते वळण वीस मिनिटांवर आहे.

अंत्यविधीनंतर त्याने ते यंत्र आमच्यासमोर आणून ठेवलं आणि सगळं सांगितलं. मग हातोडीने त्याचा चुरा केला आणि चुरा विहिरीत टाकला. ऑर्गन सुटला, दुकान सुटलं. फक्त रेडिओ सुटला नाही. वर्षभर दर बुधवारी तो स्वतः बसायचा आणि साडेनऊच्या आधी माईकमध्ये म्हणायचा, "बोल. ऐकतोय." आम्हाला फक्त त्याचाच आवाज यायचा. त्याला तिचा यायचा, आणि साडेनऊला यंत्रातलं ते जुनं उत्तरही.

पुढच्या वर्षीचा तोच बुधवार. यापुढचं मला त्याने कागदावर लिहून दाखवलंय.

त्या रात्री आभाळ निरभ्र होतं. ओढा कोरडा. तो हातातला रेडिओ घेऊन वळणाखाली उतरला आणि गाडी पडली होती तिथेच दगडावर बसला. इतक्या जवळून तरी तिला ऐकू जाईल, असं त्याला वाटलं होतं.

नऊ वीस.

"सतरा... सतरा..."

"मी आलोय. इथेच आहे, तुझ्याजवळ."

"अहो... ऐकताय का?"

"ऐकतोय गं. ऐकतोय."

पुन्हा तेच. "अहो..."

त्याने घड्याळ बघितलं. नऊ एकोणतीस. आता काय होणार ते त्याला ठाऊक होतं. वर्षभर तेच झालं होतं. आज ते होऊ द्यायचं नाही. आपलं बटण दाबलेलं असलं की आपल्या रेडिओवर बाहेरचं काही ऐकू येत नाही. त्याने बटण दाबलं. दाबून धरलं. आणि बोलत राहिला. सरावाला होतो. चुकलो. ते मी नव्हतो. थांबू नकोस. हाका मारत राहा.

साडेनऊ.

ओठ हलत होते. आवाज नव्हता.

बटण दाबलेलंच होतं. तरीही रेडिओतून आलं...

"सतरा हजर. सगळं ठीक."

टक. टक.

मग कोरड्या ओढ्यात पाणी चढल्याचा आवाज. गुडघ्यापर्यंत. कमरेपर्यंत. तो ओरडला. ओरडतच राहिला. त्याचा आवाज त्यालाही ऐकू आला नाही.

सकाळी मी आणि पाळक त्याला वर घेऊन आलो. कपडे कोरडे होते. अंगठा बटणावरून सुटेना. त्या दिवसापासून त्याच्या तोंडातून शब्द फुटलेला नाही. डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या. घशात काही दोष नाही म्हणतात. आम्ही त्याच्या घरातला रेडिओ काढला आणि माझ्याकडे आणून कपाटात ठेवला. तारा सोडवून, गुंडाळून.

पुढच्या बुधवारी मी त्याच्याजवळ बसायला गेलो. माझा रेडिओ सोबत होता. मास्तरांनी सोळापर्यंत पुकारलं आणि सवयीने तोंडातून निघून गेलं, "सतरा."

"सतरा हजर. सगळं ठीक."

तो माझ्यासमोर खुर्चीत बसला होता. तोंड मिटलेलं. दोन्ही हात मांडीवर. माझ्याकडे बघत होता.

त्याने कागद ओढला, एक ओळ लिहिली आणि माझ्या हातात दिली. 'तिला सांगा, तो मी नाही.'

मी सांगितलं, पोरांनो. नियम मोडला. नऊ वीसपासून बटण दाबून सांगत होतो. वहिनी, तो तिथे नाही. कुणीच येत नाहीये. आम्ही ऐकलं होतं आणि गप्प बसलो, आम्हाला माफ करा. मला तिचा आवाज येत नव्हता. त्याला येत असावा, कारण त्याने डोळे मिटले होते.

साडेनऊला पुन्हा तेच उत्तर गेलं. आणि मग, या वेळी माझ्याही रेडिओवर, टक, टक.

त्याला तीन वर्षं झाली. मास्तरांना मी किती वेळा म्हटलं, सतरा पुकारू नका. ते म्हणतात, आता पुकारत नाही, तरी उत्तर येतं, आणि हजेरी आली की टिक करायची असा नियम आहे. ती चिठ्ठी त्याच वहीत शेवटच्या पानाला टाचलेली आहे. तुम्ही वही चाळलीत तेव्हा बघितली असेल. तिच्याखाली निळ्या शाईत दोन ठिपके आहेत, शेजारी शेजारी. ते मी काढलेले नाहीत, मास्तरांनीही नाहीत.