चौथ्या बाटलीवरची सही

यादीतलं दुकान बंद निघालं म्हणून ती शेजारच्या मधाच्या दुकानात शिरली, आणि तिथेच सगळी पंचाईत झाली. अन्न निरीक्षक म्हणून सहा वर्षांत तिने भल्याभल्यांच्या तोंडचं पाणी पळवलं होतं. हा दुकानदार मात्र नुसता हसला, आणि तिला ओळखपत्र कुठल्या कप्प्यात ठेवलंय तेच आठवेना.

नमुन्याचे चार सारखे भाग करायचे, चार बाटल्यांवर लाख लावायची, प्रत्येकीवर दुकानदाराची सही घ्यायची, ही रीत तिला झोपेतही पाठ होती. त्या दिवशी तिने तीनच सह्या घेतल्या. सही करताना त्याने बाही वर सारली होती, आणि ती त्याच्या मनगटाकडे बघत राहिली होती.

"मॅडम, ही एक राहिली," चौथी बाटली पुढे सरकवत तो म्हणाला.

ती चपापली. "सही नसती तर तुमच्या वकिलाने खटला उडवला असता... माहीत आहे?"

"माहीत आहे. पण मी काय विकतोय ते मलाही कळायला हवं की."

झालं! तिथेच ती पडली प्रेमात.

पुढच्या पंधरवड्यात लेबलं तपासायच्या निमित्ताने ती तिथे तीनदा गेली. लेबल रोज बदलत नाही, असं त्याने एकदा साळसूदपणे सुचवलं. निरीक्षकाने गाफील राहू नये, असं तिने तितक्याच साळसूदपणे ऐकवलं.

मग प्रयोगशाळेचा अहवाल आला. लेबलवर 'शुद्ध', आत निम्मा साखरेचा पाक! मध पुरवायचा त्याचा सख्खा मामा. त्याचा चेहरा उतरला, पण मामाच्या गोदामाचा पत्ता त्याने स्वतःच्या हाताने लिहून दिला. तिने दुकानातला माल जप्त केला, गोदामाला सील ठोकलं. आता हा माणूस आपलं तोंड तरी बघेल का, या विचाराने तिला रडू आलं. पण रडत बसणाऱ्यातली ती नव्हती.

दुसऱ्या दिवशी तिने साहेबांपुढे अर्ज ठेवला, की ही केस दुसऱ्याकडे द्यावी. कारण — दुकानदाराशी व्यक्तिगत संबंध.

"कधीपासून?" साहेबांनी चष्म्यावरून विचारलं.

"अजून नाहीत, साहेब. आधी फाईल माझ्या हातून सुटू दे, मग त्यांना विचारते."

साहेबांनी हसू दाबत सही केली.

ती तडक दुकानात गेली. तो रिकाम्या फळ्या पुसत होता. आता काय न्यायचं राहिलंय, असं त्याने वळूनही न बघता विचारलं.

"तुमची केस आता माझ्याकडे नाही. दंड होईल, मामांनाही होईल, आणि मी एका शब्दानेही रदबदली करणार नाही. हे आधी ऐकून घ्या."

"आणि नंतर?"

"नंतर... मला तुमच्याशी लग्न करायचंय."

त्याच्या हातातलं फडकं गळून पडलं. मग तेच पहिल्या दिवशीचं हसू त्याच्या चेहऱ्यावर पसरलं.

"मामाला कोण सांगणार?"

"तुम्ही. गोदामाला सील मी ठोकलं, एवढं तरी तुम्ही करा."

त्याने तिच्यासमोरच मामाला फोन लावला.