न आलेल्या मेलचं उत्तर

"जीव गेला तरी सही करणार नाही!"

बाईंनी कागद टेबलावर आपटला आणि भाऊजींचा चहा बशीत सांडला. कागदावर एकच ओळ होती: ‘बॉयलरच्या बिघाडाबद्दल कळवायला मी विसरले.’

वहिनींनी ती शांतपणे वाचली. वहिनी खासगी गुप्तहेर आणि भाऊजी त्यांचे धाकटे दीर. प्रश्न विचारायचे वहिनींनी आणि भलत्याच माणसाला चोर ठरवायचं भाऊजींनी, अशी दोघांची वाटणी होती.

"मी कारखान्याची सुरक्षा अधिकारी," बाई म्हणाल्या. "बॉयलरची झडप अडकत होती. मी मोठ्या साहेबांना मेल केला, बॉयलर बंद ठेवा म्हणून. तो फुटला, आणि आता म्हणतात मेल आलाच नाही! त्याच संध्याकाळी उपसाहेबांनी माझं टेबल, कॉम्प्युटर ताब्यात घेऊन मला घरी बसवलं. उद्या सही नाही केली तर खटला भरणार आहेत. बॉयलरवाल्याचे दोन्ही हात गेले हो! त्याची बायको मला दारात उभं करत नाही."

वहिनी उठल्या. "चला भाऊजी."

मोठे साहेब तापलेलेच होते. "अहो, मी रजेवर होतो! मुलगी बाळंत झाली होती, फोनसुद्धा बंद. पण मी वाऱ्यावर सोडून जाणारा माणूस नाही. किल्ल्या, पासवर्ड, मेल, सगळ्याची सोय लावून गेलो होतो. परत येऊन बघतो तर बाईंचा एकही मेल नाही."

उपसाहेबांनी हात झटकले. "मी खाली शेडमध्ये राबत होतो. साहेबांचे मेल साहेबांना, माझे मला. बाईंनी पाठवलाच नाही, तर येणार कुठून?"

कॉम्प्युटरवाला रडकुंडीला आला होता. "जुना मेल सर्व्हर भंगारात गेला. स्फोटानंतर काढलेली बॅकअपची डिस्क आहे, पण नव्या सर्व्हरवर ती उघडत नाही. डोकं फोडायची वेळ आलीय."

"हाच तो!" बाहेर पडताच भाऊजी कुजबुजले. "उघडत नाही म्हणे!"

"काहीतरीच! चोर असता तर डिस्क आहे हे सांगितलं असतं का? जुन्या किल्लीला जुनंच कुलूप लागतं, भाऊजी. ते आपण आणू."

वहिनींनी जुन्या बाजारातून एक धुळकट कॉम्प्युटर उचलून आणला. कॉम्प्युटरवाल्याने कुरकुरत त्यावर तेव्हाचा मेल प्रोग्राम चढवला, आणि डिस्क उघडली की!

भाऊजी आधी खूश झाले आणि लगेच हिरमुसले. बाईंनी पाठवलेल्या मेलमध्ये तो मेल नव्हता. साहेबांना आलेल्यांतही नव्हता.

"वहिनी, बाईंनी आपल्याला बनवलं."

वहिनी मात्र बाईंना आलेले मेल चाळत बसल्या. न उघडलेल्यांचा नुसता ढीग होता. बऱ्याच वेळाने त्या हसल्या.

दुसऱ्या दिवशी साहेबांच्या खोलीत सगळे जमले. सहीचा कागद मधोमध ठेवला होता.

"मेल पाठवलाच नव्हता ना?" वहिनी म्हणाल्या. "मग त्याला उत्तर कसं आलं?"

त्यांनी वाचून दाखवलं: "विषय, ‘बॉयलरची झडप अडकते, आजच बंद करा.’ उत्तर, ‘मी रजेवर आहे. आपला मेल आपोआप उपसाहेबांकडे पाठवला आहे.’"

साहेब ताडकन उठले. "हे तर माझं रजेचं उत्तर! मीच लावून गेलो होतो."

"हीच तुमची सोय. हे मशीनने धाडलं. असली उत्तरं कोण उघडतो? बाईंनीही उघडलं नाही." वहिनी उपसाहेबांकडे वळल्या. "साहेबांचे मेल साहेबांना, असं तुम्ही म्हणालात. धडधडीत खोटं! ते तुमच्याकडे येत होते. बाईंचा मेल तुम्ही वाचलात आणि बॉयलर चालू ठेवलात. स्फोट झाल्यावर स्वतःकडचा मेल पुसलात, साहेबांच्या पासवर्डने त्यांचा आणि कॉम्प्युटर ताब्यात घेऊन बाईंचा. बाईंनी लिहिलेलं सगळं शोधलंत, पण बाईंना आलेलं बघायचं राहिलं."

"पासवर्ड मी यालाच दिला होता," साहेब पुटपुटले.

उपसाहेबांचा चेहरा पडला. "साहेबांच्या माघारी काम थांबलं असतं तर माझ्यावर ठपका आला असता..."

"आणि त्याचे हात?" बाई कडाडल्या.

साहेबांनी घाईघाईने कागद ओढला. "राहू द्या बाई, आता सहीची गरज नाही."

"आहे! का नाही?"

बाईंनी भाऊजींच्या खिशातलं पेन उपसलं, ती ओळ खोडली आणि खाली लिहिलं: ‘मी कळवलं होतं.’ मग पूर्ण नावानिशी सही ठोकली.

"हा कागद आधी बॉयलरवाल्याच्या घरी जाणार. मग पोलिसांत. अडवून दाखवा कोणी!"

त्या तरातरा निघून गेल्या. पेनही गेलं, पण भाऊजींनी ते परत मागितलं नाही.