गठ्ठा आणि दोन

रात्रपाळीच्या दोन शिकाऊ पोरी वीस पेशंटांचे कागद पाच मिनिटांत भरून आल्या, तेव्हा वॉर्डमामांनी चहाचा कप खाली ठेवला. एकतीस वर्षं त्यांनी याच वॉर्डात काढली होती.

"श्वास मोजलेत?"

पोरी एकमेकींकडे बघायला लागल्या.

"बसा इथे. ऐकीव नाही सांगत. माझ्या ओळखीच्या बाईवर गुदरलेलं आहे, आणि त्याचा शेवट मी या डोळ्यांनी पाहिलाय."

त्या बाईला सगळे अठरा सिस्टर म्हणायचे. हात मोठा गुणी. शीर पहिल्या फटक्यात सापडायची, पेशंटची कूस अशी बदलायची की त्याची झोपही मोडायची नाही. खोड एकच. श्वास मोजायचा तर पेशंटच्या छातीकडे मिनिटभर बघत उभं राहावं लागतं, आणि तेवढा दम तिला नव्हता. माणूस झोपलेला दिसला की लिही अठरा. म्हातारा असो की तरणा. मामाही तिला चिडवायचे, "बाई, तुमचे पेशंट काय ठरवून श्वास घेतात?"

दोन वर्षांपूर्वी वॉर्डात एक मोजणीदार दाखल झाला. गोदामात गोण्या मोजण्यात त्याची हयात गेली होती. चार उभ्या रेघा, पाचवी त्यांच्यावरून आडवी, आणि पाचला पाच न म्हणता तो म्हणायचा, "गठ्ठा." उशीखाली कोळशाचा तुकडा असायचा. सलाइनचे थेंबसुद्धा भिंतीवर मोजायचा आणि सफाईवाल्या मावशीच्या शिव्या खायचा.

"बाई, तुम्ही न मोजताच लिहिता," तो सिस्टरला म्हणायचा. "मी असं केलं असतं तर मालकाने मला उभा सोलला असता."

ती हसून पुढच्या खाटेकडे जायची.

एका पहाटे तो गेला. सहाच्या रकान्यात तिच्या हातचं अठरा होतं. सव्वासहाला मामा त्याचा जबडा बांधायला गेले, तर जबडा मिटेना. ताठ झालेला. मरून निदान तीन तास झाले असावेत. मामांनी तिच्याकडे पाहिलं, तिने खाली पाहिलं. आळीमिळी गुपचिळी. फाइल दोरी बांधून रेकॉर्डच्या खोलीत गेली. सिस्टरने महिनाभरात नोकरी सोडली आणि घरोघरी पेशंट सांभाळायला लागली.

"तेव्हा मी ब्र काढला नाही," मामा म्हणाले. "त्याची लाज मला अजून वाटते."

गेल्या डिसेंबरची अकरा तारीख, गुरुवार. मैत्रिणीला ताप आला म्हणून तिच्या बदली एका रात्रीपुरती सिस्टर एका घरी गेली. पेशंट म्हणजे निवृत्त मास्तर. हाडापर्यंत गेलेला आजार, आठ दिवस दुखण्याने डोळ्याला डोळा नव्हता. दुखणं मारायला कातडीवर औषधाची पट्टी लावलेली, नाकाला ऑक्सिजनची नळी.

"संध्याकाळी मी नवी पट्टी लावली," सून म्हणाली. "आज कुठे बाबांना झोप लागलीय."

"उठवू नका हं त्यांना," मुलगा म्हणाला, आणि दोघं बाहेरच्या खोलीत झोपायला गेली.

बारा वाजता सिस्टरने नाडी पाहिली. बोटाला लावायचं यंत्र ऑक्सिजन चौऱ्याण्णव दाखवत होतं. तिने बाराच्या रकान्यात अठरा लिहिलं. मग पेन हातात होतंच, म्हणून दोनच्या, चारच्या आणि सहाच्याही रकान्यात लिहून टाकलं. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. पण मेला होता तो दुसराच.

दोन वाजून वीस मिनिटांनी तिची डुलकी मोडली.

खोलीत कोणीतरी पुटपुटत होतं.

"एक…"

मास्तर बरळत असतील, असं तिला वाटलं. झिरोच्या दिव्याच्या उजेडात ती वाकली. त्यांचे ओठ मिटलेले होते. बाहेर मुलगा घोरत होता.

"दोन…"

आवाज खाटेच्या पायथ्याकडून येत होता. तिथे भिंत होती. भिंतीला टेकलेली रिकामी खुर्ची होती. आणखी काही नव्हतं.

मध्ये बराच वेळ गेला.

"तीन…"

मास्तरांची छाती वर आली होती. खाली गेली. मग हललीच नाही.

मोठा दिवा लावायला सिस्टरचा हात उचलेना. पळावं, तर दार खुर्चीच्या पलीकडे…

"चार…"

छाती पुन्हा वर आली. खाली गेली.

मग शांतता. ऑक्सिजनच्या यंत्राची घरघर तेवढी.

पुढचा आकडा काय असतो, हे लहान पोरालाही ठाऊक असतं. ती त्याची वाट बघत राहिली. पाच म्हण. देवा, त्याला पाच म्हणू दे.

"गठ्ठा."

मग आवाज पुन्हा एकपासून मोजायला लागला. आता मात्र घड्याळावरून तिची नजर हलेना. नोकरीत पहिल्यांदाच तिने मिनिटभर पाहिलं. एक डोळा काट्यावर, एक छातीवर. मोजणारे दोघं. आकडा एकच.

काटा फिरून वर आला.

"गठ्ठा… आणि दोन."

सात.

मग अगदी कानाजवळ, "लिहा, बाई."

कशी उठली, कोण जाणे. आधी दिवा. मास्तरांना हाका मारल्या, खांदा हलवला. ओ नाही. पापणी उघडून टॉर्च मारला. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. तिने अंगावरचा सदरा वर सारला. छातीवर सुनेने लावलेली पट्टी होती. त्यांना कुशीवर वळवलं. पाठीवर दुसरी. आदल्या दिवशी मुलाने लावलेली, सुनेला ठाऊकच नसलेली.

दोन्ही ओढून काढल्या. मुलगा धावत आला.

"अहो, आठ दिवसांनी झोपलेत ते!"

"ही झोप नाही, औषध जास्त झालंय. अँब्युलन्सला फोन लावा. दोन पट्ट्या होत्या म्हणून सांगा."

अँब्युलन्स येईपर्यंत ती मास्तरांना हलवत होती. "मास्तर, श्वास घ्या. घ्या श्वास." दवाखान्यात उताऱ्याचं इंजेक्शन दिलं. पहाटे मास्तरांनी डोळे उघडले आणि पाणी मागितलं.

तो दवाखाना म्हणजे हाच. सकाळी ती थेट मामांपुढे येऊन उभी राहिली. चेहरा पांढराफटक.

"मामा, मोजणीदाराची फाइल काढा. मी मेट्रनना सगळं सांगणार आहे."

मामांनी रेकॉर्डच्या खोलीचं कुलूप उघडलं. फाइल सापडली. दोरीची गाठ त्यांनीच मारलेली, तशीच होती. गाठीवर दोन वर्षांची धूळ.

कागद निघाला. दोनचं अठरा. चारचं अठरा. सहाचं अठरा.

त्याखालची ओळ मोकळी असायला हवी होती.

"मग?" एका पोरीने विचारलं. दुसरीच्या हातात कधीच घड्याळ आलं होतं.

मामांनी दिवा जवळ ओढला.

"चार उभ्या रेघा," ते म्हणाले. "एक आडवी. आणि बाजूला दोन."

त्यांनी उजव्या हाताचं बोट दिव्याखाली धरलं, जणू अजून खात्री करत होते.

"मी रेघांवरून बोट फिरवलं. कोळसा बोटाला लागला."