मांडीतला साक्षीदार

सोलापुरात आता म्हातारं माणूस पडलं, की ते आधी पोलिसांना कळतं आणि मग घरच्यांना. ही करामत डॉ. श्रीरंग उपासनींची, आणि तिच्याबद्दल सरकारनं त्यांना शाल-श्रीफळही दिलं.

खुब्याचा सांधा बदलताना मांडीच्या हाडाची पोकळी आधी धुऊन कोरडी करतात. मग कणकेसारखं मऊ सिमेंट मोठ्या पिचकारीनं तळापासून वर भरत आणतात आणि दाबतात. ते हाडाच्या बारीक छिद्रांत शिरून दगड होतं आणि नवा सांधा त्यात पक्का बसतो. उपासनींनी या सिमेंटात ताण ओळखणारे कण मिसळले. माणूस आपणहून घसरला, तर ताण पायाकडून वर चढतो. कुणी ढकललं, तर तो वरून खाली उतरतो. कण हे टिपतात आणि लगेच पोलिसांना आणि डॉक्टरांना कळवतात. याला साक्षी सिमेंट म्हणतात.

उपासनींचा हेतू वाईट नव्हता. पोटच्या पोरांनी ढकललेल्या कितीतरी आया "न्हाणीत पाय घसरला" असं त्यांच्या तोंडावर खोटं बोलल्या होत्या. मग कायदा झाला, सिमेंटची साक्ष कोर्टात पुरेशी ठरली आणि आईवर हात उगारणारे शेकडो दिवटे आत गेले.

त्यांच्याबरोबर सोजरबाई हत्तुरेंचा मुलगा गुरुसिद्धही आत गेला. उद्या त्याचा निकाल होता, म्हणून सोजरबाई वॉकर आपटत थेट उपासनींच्या दवाखान्यातल्या खोलीत शिरल्या आणि समोरच्या खुर्चीत बसल्या.

"देवळाच्या पायरीवरनं माझा पाय सटकला, डाक्टर. गुरूनं दंडाला धरून वर वढलं. तरी आमी दोघंबी पडलो. त्यानं मला ढकललं न्हाई."

"सगळ्या आया हेच सांगतात," उपासनी मान वर न करता म्हणाले.

"म्हंजे माझ्या मांडीला इचारणार, आन् मला न्हाई? धरलं काय नि ढकललं काय, जोर वरनंच येतोय की. त्यातला फरक तुमच्या सिमेंटाला कळतोय का? खरं सांगा."

उपासनी समोरचे कागद चाळू लागले. फरक कळत नव्हता आणि हे त्यांना केव्हाच ठाऊक झालं होतं. पण तसं कोर्टात कबूल केलं, तर प्रत्येक हरामखोर "मी धरलं होतं" म्हणत बाहेर येणार. एखाद्या संन्याशाला फाशी झाली तरी चालेल, पण चोर सुटता कामा नयेत, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं. फाशी आपल्याला नसली, की असं ठरवणं सोपं जातं.

"मग काढा हे बाहेर," सोजरबाई म्हणाल्या.

"हाड फोडावं लागेल. परत उभ्या राहणार नाही तुम्ही."

"आत्ता तरी कुटं धड उभी हाय? सून न्हाणीच्या दाराशी थांबून 'जपून, अत्या' म्हणती, हात देत न्हाई. नातू लांबनंच पाया पडतोय. परवा बाजारात अडखळले, तर माणसं चिमण्यांसारखी उडाली. गुरूचं काय झालं ते बघून समदे श्याणे झाल्यात."

"कायदा मी केलेला नाही."

"व्हय, सिमेंट तेवढं केलं!"

रागानं त्यांचा आवाज चिरकला. त्या टेबलाला धरून उठल्या आणि वॉकर त्यांनी दूर ढकलून दिला.

"आता तुमी धरा मला. काय टिपतंय ते बघू. तुमाला न्यायला पोलिस आले, की कोर्टाला पटंल."

"आजी, बसा खाली. तमाशा नको."

"धरा म्हणते!"

टेबल सोडून त्या एका अंगावर कलल्या. उपासनी झटकन पुढे झाले. हात थेट त्यांच्या कोपरापाशी पोचला. तेवढ्यात डोळ्यांपुढे त्यांना दारात उभा इन्स्पेक्टर दिसला, कोर्टातला पिंजरा दिसला, सिमेंटमुळे मिळालेलं नाव मातीत जाताना दिसलं. त्यांना स्वतःची भयंकर लाज वाटली. तरीही हात मागे आला.

सोजरबाई फरशीवर आदळल्या. हाड मोडल्याचा आवाज स्पष्ट ऐकू आला.

"काय म्हणतंय?" त्यांनी कण्हत विचारलं.

टेबलावरच्या पडद्यावर संदेश आला होता. रुग्ण आपणहून पडली, कुणाचाही हात लागलेला नाही. उपासनींना तो मोठ्यानं वाचून दाखवता आला नाही. सिमेंट या वेळी अगदी खरं बोललं होतं, आणि ते किती खरं बोलतं हे सांगायला उद्या निकालाआधी सरकारी वकिलाला गुरुसिद्धविरुद्ध आणखी एक पुरावा मिळणार होता.