शिवेवरचा वाटाड्या

हे मी कुणाकडून ऐकलेलं नाही. माझ्या डोळ्यांसमोर घडलं आहे, आणि गेलं ते माझ्याच घरातलं माणूस.

गेल्या वर्षीचा माघ महिना. अमावास्येची संध्याकाळ. कुरुंद्याहून आमच्या गावाकडे येताना कालव्याचा पूल लागतो. पुलाच्या जवळच रस्त्याकडेला शेंदूर फासलेला एक दगड आहे. ती आमच्या गावची शीव.

माझे सासरे तातेराव. मी त्यांना मामा म्हणायची. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी वाचन बंद केलं आणि मामांचा जीव कासावीस झाला. म्हणून दुपारी भांडी आटोपली की मी त्यांना एक जाडजूड ऐतिहासिक कादंबरी वाचून दाखवायची.

वाचायची कसली, पानोपानी अडायची.

"मामा, घोड्याला चंदी दिली म्हणजे काय दिलं?"

"दाणा दिला. भिजवलेला हरभरा. शेजारणींची भांडणं बराबर ध्यानात राहतात तुझ्या, हे न्हाई राहत."

"भांडणं रोज होतात, मामा. घोडा कुठंय आपल्या दारात?"

मग दोघंही हसायचो. माहेरी माझे वडील लवकर गेले. त्या दुपारी मला फार आवडायच्या.

एके दिवशी एक ओळ आली. 'शिवेशिवेस वाटाड्या पालटीत लष्कर पुढे गेले. एके शिवेस पालट मिळाला नाही.'

वाटाड्या म्हणजे वाट दाखवणारा, एवढं मला कळत होतं. पण पालट?

"लष्कर गावात आलं का वाट दाखवायला एक माणूस धरायचं," मामा म्हणाले. "पुढल्या गावच्या शिवेवर दुसरा माणूस मिळाला का पहिला सुटायचा. तो पालट. न्हाई मिळाला तर चालत राहायचा."

"मग ह्याचं काय झालं?"

"वाच फुडं."

पुढच्या पानावर लढाई सुरू झाली होती. त्या माणसाचं नावसुद्धा कुठे नव्हतं.

मामांनी चाचपडत पुस्तक मिटलं.

"माझा बाप एक गोष्ट सांगायचा," ते म्हणाले. "आपल्या शिवेवर तिन्हीसांजेला कोणी वाट इचारली तर तोंडानं सांगावी. पाय उचलू न्हाई. काहून, ते मला आज समजलं बघ."

मी हसले. दुसरं काय करणार?

दुसऱ्याच दिवशी, त्या अमावास्येच्या संध्याकाळी, शेतात आमची हळद शिजत होती. माझे मालक देविदास बॉयलरजवळ थांबले होते. त्यांचा डबा देऊन मी आणि मामा पायी घरी निघालो. मामांच्या डोळ्यांवर काळा चष्मा, हात माझ्या खांद्यावर. मागून बॉयलरच्या वाफेचा आवाज येत होता.

आम्ही दगडापाशी पोचलो...

आणि आवाज थांबला.

वाफेचा थांबला. रातकिड्यांचा थांबला. कालवा भरून वाहत होता, पण पाण्याचाही आवाज नव्हता.

दगडाजवळ एक माणूस उभा होता. अंगावर घोंगडी. पाय गुडघ्यापर्यंत धुळीनं माखलेले.

"वाट कुठली?"

"कुठं जायचं, दादा?"

"औंढ्याच्या अंगाला."

इतका दमलेला आवाज मी कधी ऐकला नव्हता. आपल्याकडे कुणी वाट विचारली की माणूस चार पावलं सोबत जातोच. मीही गेले. मामांचा हात खांद्यावरून निसटला, तेही माझ्या लक्षात आलं नाही.

"या, पुलावरून दाखवते."

मागून एकच शब्द आला.

"सुटलो."

वळून पाहिलं... दगडाजवळ मामा एकटेच होते. तो माणूस नव्हता.

मला थांबायचं होतं. पाय थांबेनात.

मग मागे टापा वाजू लागल्या. एक घोडा नाही, पुष्कळ. लगामाच्या कड्या वाजल्या. कुणीतरी खोकलं. एकही घोडा दिसत नव्हता, आणि माझ्या मानेवर गरम श्वास येत होता.

त्याला भिजवलेल्या हरभऱ्याचा वास होता.

पूल जवळ येत होता.

"थांबा."

मामांचा आवाज होता.

"तिला सोडा. लेकराची माय हाय ती. ह्या गावचा माणूस मी हाय."

ते चाचपडत माझ्यापर्यंत आले. चष्मा काढून माझ्या हातात दिला.

"घरी जा, पोरी. सृष्टी वाट पाहून राहिली असंल."

माझे पाय मोकळे झाले. खांदा धरल्याशिवाय अंगणात न जाणारे मामा माझ्यासमोरून सरळ पुलाकडे चालत गेले. टापा त्यांच्या मागे गेल्या. मी डोळे पुसले, तेवढ्यात पूल रिकामा झाला होता.

लांबून बॉयलरचा आवाज पुन्हा येऊ लागला.

कालव्याचं पाणी बंद करून शोधलं. पार पुढच्या गावापर्यंत माणसं उतरली. काही मिळालं नाही. अंधारात दिसलं नसेल, पाण्यात पडले असतील, असं सगळे म्हणाले. देविदासही तेच म्हणतात. मी त्यांना एकदा सगळं सांगितलं. ते म्हणाले, "तुला धक्का बसला, संगिता. नको बोलूस."

मी बोलत नाही.

पण अमावास्येला तिन्हीसांजेला मी शिवेवर जाते. दगडाजवळ आवाज येतो.

"वाट कुठली?"

आवाज मामांचा असतो.

पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी धावतच सुटले असते. पण लगेच हळू आवाजात पुढचं वाक्य आलं.

"तोंडानं सांग, पोरी. पाय उचलू नको."

मी रडत सांगते, "पुलावरून उजवीकडं, मामा." आणि घरी येते. माझ्या एका पावलानं ते सुटतील. त्यांना ते माहीत आहे, आणि तेच मला अडवतात. ह्याचं मला फार वाईट वाटतं. काय करू ते कळत नाही.

परवा अमावास्या होती. मी गेले.

"वाट कुठली?"

मी थांबले. पुढच्या वाक्याची वाट पाहिली...

ते आलं नाही.

"वाट कुठली?"

पुन्हा तेच. आवाज दमलेला. त्या घोंगडीवाल्यासारखा.

काल मी अमावास्या नसतानाही गेले. कालही तेवढंच.

देविदास दोन रात्री शेतातच मुक्कामाला होते; आज दिवेलागणीला त्याच रस्त्यानं पायी येणार. सकाळी शेतात जाऊन मी त्यांचे पाय धरले, दुसऱ्या वाटेनं या म्हणाले. ते नुसते हसले. बापाचा आवाज ऐकल्यावर तोंडानं वाट सांगून पुढे निघेल, असा तो माणूस नाही.

दिवा लावून झाला. सृष्टी तिसऱ्यांदा विचारतेय, पप्पा अजून काहून आले न्हाई.